चार पेट्या, एक सूर

तुमच्या घरात कपाटावर, दिवाणाखाली किंवा देवघराच्या कोपऱ्यात एखादी पेटी आहे का? जुन्या चादरीत गुंडाळलेली, आजोबांची किंवा आईच्या माहेरची? भिलाईतल्या बऱ्याच मराठी घरांत या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल. ती शेवटची कधी वाजली, असं विचारलं तर "गणपतीत" म्हणाल. कोणत्या वर्षीच्या गणपतीत, हे मात्र आठवावं लागेल.

आजच्या सदरात एकच गोष्ट सुचवायची आहे. ती पेटी खाली काढा, पण एकट्याने वाजवायला बसू नका. आणखी तीन पेट्या शोधा आणि चौघांनी मिळून एक मंडळ सुरू करा.

घाई कशाला, असं वाटेल. पण आपल्या टाउनशिपचं गणित तुम्हाला ठाऊक आहे. प्लांटमधली नोकरी संपली की आज ना उद्या क्वार्टर सोडायचं असतं. मग कुणी नागपूरला घर घेतं, कुणी मुलांकडे पुण्याला किंवा बेंगळुरूला जातं. ट्रकमध्ये फ्रिज चढतो, कपाटं चढतात. पेटीपाशी आल्यावर कुणीतरी म्हणतं, "तिकडे कोण वाजवणार?" आणि पेटी कुणाला तरी देऊन टाकली जाते, नाहीतर रद्दीबरोबर जाते.

पेटीबरोबर माणूसही जातो. आपल्या भजनी मंडळांत टाळ वाजवणारे दहा असतात, गाणारे पंधरा असतात, पण पेटीवाले काका एकच असतात. ते गेले की पुढच्या एकादशीला कुणीतरी मोबाइलवर ट्रॅक लावतं. गाणं चालू राहतं, पण कुणाचा आवाज चढला तर त्याला सांभाळून घेणारं कुणी उरत नाही. म्हणून एका पेटीऐवजी चार पेट्या हव्यात.

कामगारांनी करून दाखवलेली गोष्ट

एकाच जातीच्या वाद्यांचा ताफा ही कल्पना नवी नाही. आपल्या पेटीची एक परदेशी बहीण आहे, कॉन्सर्टिना. दोन्ही हातांत मावणारं, बहुधा षटकोनी वाद्य. मधे भाता, दोन्ही बाजूंना बटणं. १८२९च्या सुमारास लंडनमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी ते घडवलं. फिजिक्सच्या पुस्तकात ज्यांच्या नावाचा 'व्हीटस्टन ब्रिज' येतो, तेच हे गृहस्थ. मुलांना हे जरूर सांगा.

कॉन्सर्टिना आणि पेटी दोघींचं तत्त्व एकच. धातूची एक पातळ पट्टी एका बाजूने घट्ट बसवलेली आणि दुसऱ्या बाजूने मोकळी असते. भात्यातली हवा तिच्याजवळून गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. पॅरिसमध्ये अलेक्झांडर डेबाँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता चालवायची पेटी होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये तिला आपल्या बैठकीत बसवलं, म्हणजे एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने सूर.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायर-यॉर्कशायर भागात कापडगिरण्यांतले आणि खाणींतले कामगार एकत्र येऊन कॉन्सर्टिनाचे बँड काढू लागले. दिवसभर काम आणि संध्याकाळी तालीम. लहान कॉन्सर्टिना उंच सुरात, मोठी खालच्या सुरात, अशी वाटणी करून ते पितळी वाद्यांच्या बँडसाठी लिहिलेल्या रचना वाजवायचे. स्पर्धांनाही जायचे.

गिरण्यांच्या गावात जे जमलं, ते पोलादाच्या गावात का जमू नये? आपलं शहर तर भात्यावरच उभं आहे. ब्लास्ट फर्नेस म्हणजे आत जोराने गरम हवा सोडलेली भट्टीच. आपल्या भाषेत लोहाराचाही भाता असतो आणि पेटीचाही भाताच. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्यानंतर देशाच्या कानाकोपऱ्यातून जी कुटुंबं इथे आली, त्यांतली कित्येक आपापली पेटीही घेऊन आली.

रवेलीचे दाऊ

इंग्लंड लांब वाटत असेल तर दुर्गच्या पुढे राजनांदगावकडे चला. तिथे जवळच रवेली नावाचं गाव आहे. तिथल्या मालगुजार घराण्यातले दाऊ दुलारसिंह मंदराजी यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस 'रवेली नाचा पार्टी' सुरू केली. नाचा म्हणजे छत्तीसगडचं लोकनाट्य. गाणं, नाच, विनोद आणि समाजाला काढलेले चिमटे, असं रात्रभर चालणारं. आपल्या तमाशाशी त्याचं नातं लगेच लक्षात येईल.

कलाकार तेव्हाही होते, पण वेगवेगळ्या गावांत विखुरलेले. कार्यक्रम ठरला की जमायचे, संपला की पांगायचे. मंदराजींनी त्यांना एका पार्टीत बांधलं. छत्तीसगडमधली पहिली संघटित नाचा पार्टी म्हणून रवेलीचं नाव घेतलं जातं. जुन्या नाचात वादक वाद्यं कमरेला बांधून उभ्याने वाजवत. त्याला 'खडे साज' म्हणत. सुरासाठी सारंगीच्या जातीचा चिकारा असे. मंदराजींनी त्याच्या जागी पेटी आणली.

याच परंपरेत खुमान साव लहान वयात पेटी वाजवू लागले. पुढे दुर्गजवळच्या बघेरा गावात दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये 'चंदैनी गोंदा' ही गाजलेली लोककलांची प्रस्तुती उभी केली. तिचं संगीत खुमान सावांचं होतं. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. एका पार्टीत एक पेटी येते, तिच्याभोवती मुलं घडतात आणि चाळीस वर्षांनी तिचे सूर अख्ख्या प्रदेशात ऐकू येतात.

मंदराजींच्या गोष्टीचा दुसरा भागही विसरू नका. पार्टीचा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. शेतजमीन विकत गेले. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा घराण्याची श्रीमंती उरलेली नव्हती. आज छत्तीसगड सरकार लोककलेसाठी त्यांच्या नावाने सन्मान देतं. म्हणून आपल्या मंडळाचा पहिला नियम असा करा की खर्च एकट्याचा नसेल. तो कसा वाटायचा, ते पुढे येईलच.

माणसं कुठे शोधायची?

इथे भिलाईसारखं नशीब कुणाचं नाही. आपल्याकडे भजन-कीर्तनाची पेटी आहे. बंगाली शेजाऱ्यांकडे रवींद्रसंगीताची हार्मोनियम आहे. गुरुद्वारात शबद-कीर्तनाला वाजणारा 'वाजा' म्हणजे पेटीच. छत्तीसगढी रामायण मंडळींत पेटीशिवाय मानसगान होत नाही. म्हणून मंडळ फक्त मराठी माणसांचं ठेवू नका. तुमच्या स्ट्रीटवरच्या बोस काकूंना विचारा, वरच्या मजल्यावरच्या सरदारजींना विचारा. त्यांच्या कपाटावरही चादरीत गुंडाळलेलं काहीतरी सापडेल.

चार पेट्या पुरेत. सहाच्या वर जाऊ नका, कारण मग कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. माणसं मात्र आठ घ्या. का, ते शिफ्टवाल्या घरांना लगेच कळेल. या आठवड्यात सकाळची शिफ्ट, पुढच्या आठवड्यात दुपारची, मग रात्रपाळी. सगळ्यांना कायम जमेल असा वार मिळतच नाही. त्यामुळे बरीच मंडळं "सगळे असतील तेव्हा करू" म्हणत बंद पडतात.

यावरचा उपाय प्लांटमध्येच आहे. तिथे रिलीव्हर आल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही. तसंच मंडळात पेटीचं प्रत्येक काम दोघांना आलं पाहिजे. एक ड्युटीवर असेल तेव्हा दुसरा बसेल. रविवारची संध्याकाळ ठरली म्हणजे ठरली. चारच जण आले तरी तालीम होईल, दोनच आले तरी होईल. जोड्या लावताना एक मोठा आणि एक लहान अशा लावा. साठीतले आजोबा आणि आठवीतली नात एकच काम शिकले, तर आजोबा नागपूरला गेल्यावरही ते काम इथे राहील.

आधी सूर जुळवा

खरी अडचण पहिल्याच दिवशी कळते. चार पेट्या एकत्र आल्या की त्या भांडतात. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. कारागीर वेगळे, वर्षं वेगळी, त्यामुळे सूर थोडा वर-खाली असतोच.

तपासायला सोपं आहे. फोनवर ट्यूनरचं कुठलंही मोफत अ‍ॅप घ्या. पेटीला दुहेरी सूर असतील तर एक खटका बंद करून एकच ओळ वाजू द्या. मग मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबा. अ‍ॅपवर ४४० किंवा त्याच्या बरोबर अर्धा, म्हणजे २२० आकडा दिसला तर पेटी आजच्या सर्वमान्य सुरात आहे. एक पेटी ४४० वर आणि दुसरी ४४३ वर असेल, तर दोन्ही एकदम वाजवल्यावर सेकंदाला तीन वेळा 'वाँव-वाँव' अशी थरथर ऐकू येईल. मुलांना ती मोजायला सांगा. त्यांना मजा येईल आणि कानही तयार होईल.

थरथर फार असेल तर सगळ्या पेट्या एकाच कारागिराकडे, एकाच वेळी द्या आणि "सगळ्या ४४० ला लावा" असं स्पष्ट सांगा. घरी पट्टी घासायचा प्रयोग मात्र करू नका. मोकळ्या टोकाकडे घासली की सूर चढतो, बसवलेल्या बाजूकडे घासली की उतरतो, इतकं हे साधं दिसतं. पण घासलेलं पितळ परत येत नाही. तोपर्यंत ज्या दोन पेट्या जुळतात त्याच वाजवा आणि बाकीच्यांनी आळीपाळीने बसा.

जुनी पेटी उघडली की आणखी काही गोष्टी बघा. लोकरीच्या पट्ट्यांना कसर लागली आहे का, भाता उंदरांनी कुरतडला आहे का, पट्ट्यांत धूळ अडकून एखादा सूर मुका झाला आहे का? आपल्याकडच्या मे महिन्यात लाकूड आकसतं आणि हवा गळते, पावसाळ्यात तेच लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. कूलरच्या झोतासमोर तर पेटी कधीच ठेवू नका. आणि आवाज करते म्हणून तिच्यात तेल मुळीच घालू नका.

चौघांनी काय वाजवायचं?

चौघांनी एकच चाल जोरजोरात वाजवली तर तो गोंगाट होतो. कॉन्सर्टिनावाल्या कामगारांसारखी वाटणी करा.

पहिली पेटी चाल वाजवेल. ही एकच, आणि गाणाऱ्याच्या मागे राहणारी.

दुसरी पेटी तीच चाल खर्जात, म्हणजे एक सप्तक खाली वाजवेल. तीसुद्धा फक्त धृपद परत येईल तेव्हा.

तिसरी पेटी षड्ज आणि पंचम धरून ठेवेल. पंचम न घेणाऱ्या रागाची चाल असेल तर षड्ज आणि मध्यम. नवशिक्याला पहिल्या दिवसापासून मंडळात बसवायची हीच जागा. काम सोपं वाटतं, पण भाता एकसारखा चालला नाही तर सगळ्यांचा तोल जातो.

चौथी पेटी दोन ओळींमधल्या मोकळ्या जागा भरेल. एरवी गप्प बसेल. हे सगळ्यांत अवघड काम आहे, म्हणून ते सगळ्यांत चांगल्या वाजवणाऱ्याला द्या.

तबला किंवा ढोलकी एक आणि टाळांची जोडी एक. बस्स. पेटीचा आवाज मोठा असतो, त्यात गाणारा बुडता कामा नये. तालमीला शेवटच्या भिंतीपाशी कुणालातरी बसवा. त्याला शब्द कळले तरच पुढे जा.

पेटीवर एक जुना आक्षेप आहे. तिचे सूर ठरलेले असतात, तिच्यावर मींड निघत नाही. याच कारणाने १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. तरी गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी तिला साथीच्या पलीकडे नेलं होतं, आणि आपली नाट्यगीतं, कीर्तनं, भजनं तिच्यावरच चालू राहिली. आपल्या मंडळासाठी मात्र हा दोषच गुण आहे. व्हायोलिनवर नवशिक्याला सूर शोधावा लागतो. पेटीवर पट्टी दाबली की सूर तयार. चार जणांना, त्यात दोन लहान मुलं असली तरी, काही आठवड्यांत एकत्र वाजवता येईल असं दुसरं वाद्य पटकन सापडत नाही.

पहिली तीन गाणी आणि पहिली तारीख

सुरुवात तीनच गाण्यांनी करा. गणपतीची आरती, कारण ती सगळ्यांना पाठ असते. दुसरं छत्तीसगडचं राज्यगीत, कारण आपण इथे राहतो, आणि मुलांना ते शाळेतून माहीत असतं. तिसरं मंडळातल्या दुसऱ्या भाषेतलं एखादं. बोस काकू शिकवतील ते.

तिन्ही गाणी एकाच पट्टीत बसवा, म्हणजे बोटं लवकर वळतील. पुरुष आणि बायका एकत्र गाणार असतील तर सगळ्यांना झेपेल अशी मधली पट्टी आवाज लावून बघूनच ठरवा. "आमच्याकडे काळी एकच असते" असा हट्ट नको.

आणि तारीख ठरवा. तारीख नसेल तर तालीम गप्पांत संपते. कोजागिरी ही उत्तम तारीख आहे. गच्चीवर वीस माणसं, आटवलेलं दूध आणि तीन गाणी. माइक लागत नाही, स्टेज लागत नाही. चुकलं तर दूध पिताना सगळे विसरतात. तालमीची वेळ मात्र शेजाऱ्यांना विचारून ठरवा. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असतो, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

डबा आणि वही

आता मंदराजींपासून घेतलेला धडा. एक डबा ठेवा. दर महिन्याला प्रत्येक घराने त्यात सारखी रक्कम टाकायची. ती इतकी लहान हवी की कुणालाच ओझं वाटणार नाही. त्यातून दोनच खर्च होतील, पेट्यांची दुरुस्ती आणि चहा. "राहू दे, मी देतो" म्हणणारा एक तरी उदार काका मंडळात असतोच. त्याला प्रेमाने थांबवा. तो देत राहील तोवर मंडळ त्याचं असेल, आणि तो गेला की मंडळही जाईल.

डब्याबरोबर एक वही ठेवा. प्रत्येक गाण्याची सरगम, कोणती पट्टी, कोण कोणत्या कामावर, हे तीत लिहा. फोनवर रेकॉर्डिंगही करा, पण वही हवीच. फोन बदलतात, वही कपाटात राहते.

शेवटचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कुणाचं कुटुंब भिलाई सोडत असेल आणि तिकडे पेटी वाजवणारं कुणी नसेल, तर पेटी मंडळाकडे ठेवून जायची. दान म्हणून नाही, उसनी म्हणून. मालकाचं नाव आणि तारीख वहीत लिहायची. दहा वर्षांनी नातू परत मागायला आला तर ती सुरात असलेली, पुसून ठेवलेली पेटी त्याच्या हातात द्यायची. तोपर्यंत ती कपाटावर झोपलेली नसेल, दर रविवारी कुणाच्या तरी मांडीसमोर असेल.

तर या रविवारी एवढंच करा. पेटी खाली काढा, धूळ झटका, भाता हळूच चालवा आणि पांढरी सहा दाबा. अ‍ॅपवर किती आकडा येतो तो कागदावर लिहा. मग दोन घरं सोडून पलीकडे जा आणि विचारा, "तुमच्याकडे किती येतो?"